टेबलवरचा बाण सगळ्यांना दिसू द्या : कोल्हापूर जिल्ह्यातल्या बास्केटबॉल संयोजकांना आणि पंचांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यात शालेय, महाविद्यालयीन आणि क्लब पातळीवर बास्केटबॉलच्या स्पर्धा भरवणारे सर्व संयोजक, पंच आणि टेबलवर बसणारे सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे. चौदा वर्षांखालच्या मुलींचा सकाळचा पहिला सामना असो की खुल्या गटाची फायनल, टेबलच्या मधोमध पझेशनचा बाण, म्हणजे दोघांनी एकदम चेंडू धरला (हेल्ड बॉल) किंवा नवा क्वार्टर सुरू झाला की चेंडू कुठल्या टीमचा हे दाखवणारा बाण, ठेवलेला असावा. तो खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि कट्ट्यावर बसलेल्या पालकांनाही दिसावा. तो कुणी फिरवायचा हे सामन्याआधी ठरलेलं असावं, आणि पंचांनी ठरावीक वेळी त्याच्याकडं पाहून खात्री करून घ्यावी.

मी महाविद्यालयात असताना खेळले. आता शाळेतल्या मुलींना शिकवते आणि बोलावणं आलं की टेबलवर बसते. त्यामुळं मैदानाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. आपल्याकडं पंच कमी, मैदानं उघडी, पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि एका दिवसात सामने उरकायचे असतात. हे सगळं धरूनच लिहिते आहे.

गेल्या हंगामातला एक सामना सांगते. स्पर्धेचं आणि शाळांचं नाव घेत नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. मुलींचा सामना, एक टीम निळी, एक पिवळी. टेबल म्हणजे वर्गातले दोन बाक जोडलेले. बाण म्हणजे वहीचं पान, त्यावर स्केच पेननं काढलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर कंपासपेटी. पहिल्या हाफमध्ये निळ्या मुली पाण्याच्या टाकीकडच्या बास्केटवर खेळत होत्या, पिवळ्या गेटकडच्या. हाफ टाइम झाला तेव्हा बाण टाकीकडं होता, म्हणजे पुढचा चेंडू निळ्यांचा. हाफ टाइमला बाजू बदलल्या. पान तसंच राहिलं. तिसरा क्वार्टर सुरू करताना पंचांनी टेबलकडं पाहिलं, बाण टाकीकडं दिसला, आणि टाकीकडं आता पिवळ्या खेळणार होत्या, म्हणून चेंडू पिवळ्यांना दिला.

निळ्यांची कॅप्टन पंचांकडं गेली. तेरा वर्षांची असेल. म्हणाली, "सर, सेकंड क्वार्टर त्यांनी चालू केला. मग हेल्ड बॉल झाला तो आम्हाला मिळाला, मग दुसरा त्यांना. आता आमचा हाय." तिनं सगळा हिशेब डोक्यात ठेवला होता आणि तो बरोबर होता. टेबलवरून उत्तर आलं, "बाण तिकडं हाय, बघ की."

थ्रो-इन झाला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकला गेला, आणि नियमाप्रमाणं टेबलवरच्या मुलानं पान गेटकडं वळवलं. म्हणजे आता निळ्यांचा बाण. चूक इथंच थांबली असती तर निळ्यांचा गेलेला हक्क पुढच्या वेळी त्यांना मिळाला असता. पण मिनिटभरानं टेबलवर कुणाच्या तरी लक्षात आलं की हाफ टाइमला बाण फिरवायचा राहिला होता. त्यानं तो तेव्हा फिरवला. बाण परत पिवळ्यांकडं. पुढचा हेल्ड बॉल झाला आणि तोही पिवळ्यांना गेला. ओळीनं दोनदा. निळ्यांच्या प्रशिक्षक टेबलकडं आल्या तर त्यांना सांगितलं गेलं, "झालं ते झालं, आता खेळू दे."

निकाल त्यानं बदलला असं मी म्हणत नाही, गुणांचा फरक मोठा होता. पण त्या मुलीनं उरलेल्या सामन्यात टेबलकडं पुन्हा पाहिलं नाही. ते मला फार लागलं.

"झालं ते झालं" हे अर्धंच खरं होतं. चुकीच्या टीमला थ्रो-इन दिला गेला आणि चेंडूला मैदानातल्या खेळाडूचा स्पर्श झाला, की ती चूक मागं घेता येत नाही, हे बरोबर. पण टेबलच्या चुकीमुळं ज्या टीमची पाळी गेली तिचा हक्क बुडत नाही. पुढचा थ्रो-इन तिचाच. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, अधिकृत स्पष्टीकरणांत हे आहे. आपल्या किती टेबलांवर हे माहीत असतं?

मुळात ही पाळीची पद्धत आली का, तेही थोडं सांगते, कारण "लहान मुलांच्या सामन्यात एवढं काय" हे मी फार वेळा ऐकलं आहे. पूर्वी दोघांनी चेंडू धरून ठेवला की त्या दोघांत जम्प बॉल, म्हणजे पंचांनी वर टाकलेल्या चेंडूसाठी उडी, व्हायचा. त्यात उंच खेळाडू जिंकणार हे आधीच ठरलेलं. बुटक्या मुलीनं जमिनीवर लोळून चेंडूला मिठी मारायची आणि समोरच्या उंच मुलीनं तो उडीत घेऊन जायचा. शिवाय चेंडू सरळ वर टाकणं ही पंचांचीही कसोटी असते. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलनं १९८१-८२ च्या हंगामापासून पाळीची पद्धत आणली. फिबानं ती २००३ मध्ये घेतली. आता उडी फक्त पहिल्या क्वार्टरच्या सुरुवातीला. त्या उडीनंतर ज्या टीमला मैदानावर चेंडूचा ताबा मिळत नाही, तिची पहिली पाळी. तिथून पुढं एकदा तुम्ही, एकदा आम्ही. दुसरा, तिसरा, चौथा क्वार्टर आणि जादा वेळही याच पाळीनं सुरू होतो.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये आजही हेल्ड बॉलला उडीच होते. पोरं मोबाइलवर तेच बघतात आणि मला विचारतात की आपल्याकडं का नाही. तिथं क्वार्टरची सुरुवातही वेगळ्या हिशेबानं होते : पहिली उडी जिंकणाऱ्या टीमला चौथा क्वार्टर, हरणाऱ्या टीमला दुसरा आणि तिसरा. तीन-तीन खेळाडूंच्या थ्री-बाय-थ्रीमध्ये तर बाणच नाही, हेल्ड बॉल झाला की चेंडू सरळ बचाव करणाऱ्या टीमला. तीन ठिकाणचे तीन नियम एकाच मुलाच्या डोक्यात असतात. मग टेबलवर बाण दिसत नसेल तर वाद होणारच.

आता "लहान मुलांचा सामना" या मुद्द्याकडं येते. मोठ्यांच्या सामन्यात हेल्ड बॉल क्वचित होतो, कारण त्यांना चेंडू कसा लपवायचा, कसा पास करायचा हे कळतं. चौदा वर्षांखालच्या सामन्यात काय होतं ते तुम्ही रोज बघता. चेंडू सुटला की चार जणी त्याच्यावर, दोघी खाली, कुणीच सोडायला तयार नाही. बाहेर गेलेला चेंडू शेवटी कुणाला लागला यावर दोन पंचांचं एकमत होत नाही. जुन्या रिंगांच्या आणि बोर्डाच्या मध्ये चेंडू अडकून बसतो. हे सगळे बाणाचेच प्रसंग आहेत. म्हणजे बाण सर्वांत जास्त वेळा लागतो तो याच वयोगटात, आणि त्याच्याकडं सर्वांत कमी लक्ष दिलं जातं तेही इथंच. फायनलला आपण इलेक्ट्रॉनिक बाण शोधून आणतो आणि सकाळच्या पहिल्या सामन्याला वहीचं पान. उलटं करायला हवं असं म्हणत नाही, पण दोन्हीकडं धड असावं.

आणि याच सामन्यांतून टीम विभागाला जाते, राज्याला जाते. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण, पुढं नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, या सगळ्याची वाट या उघड्या मैदानांवरूनच जाते. पालक रजा टाकून येतात ते काही उगाच नाही.

नाणं उडवा आणि मोकळे व्हा, असंही एका पंचांनी मला सुचवलं होतं. कोल्हापूरकरांना आठवत असेल, आंतरराष्ट्रीय कुस्तीत २००५ ते २०१३ च्या दरम्यान असाच प्रकार होता. फेरी शून्य-शून्य राहिली की पिशवीतून लाल किंवा निळा चेंडू काढायचे, आणि ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळायची. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात त्या नियमाबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. तो गेला ते बरं झालं. पाळीत नशीब नाही, हेच तिचं बळ आहे. पण पाळी लक्षात ठेवली नाही तर तिच्यापेक्षा नाणं बरं, कारण नाणं निदान सगळ्यांसमोर पडतं.

बाण नेमका कधी फिरवायचा, यावर आपल्या टेबलांवर सर्वांत जास्त घोळ आहे, म्हणून इथं जरा थांबते. बहुतेक जण पंचांनी थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात चेंडू दिला की लगेच फिरवतात. ते चूक आहे. थ्रो-इन संपतो तेव्हा बाण फिरतो, आणि थ्रो-इन संपतो तो चेंडूला मैदानातल्या खेळाडूचा नियमाला धरून स्पर्श झाला की.

हा फरक कुठं नडतो? समजा बाण निळ्यांचा आहे, निळी खेळाडू साइडलाइनवर चेंडू घेऊन उभी आहे. चेंडू हातातून सुटायच्या आतच पिवळ्या खेळाडूनं आत फाउल केला. पंच फाउलची जी शिक्षा असेल ती देतील. पण पाळीचा थ्रो-इन अजून संपलेलाच नाही, त्यामुळं बाण निळ्यांचाच राहतो. टेबलवाल्यानं तो आधीच फिरवला असेल तर निळ्यांची पाळी फुकट गेली. फाउल झाला त्यांच्यावर आणि नुकसानही त्यांचंच. थ्रो-इन आत येताना बचाव करणाऱ्या खेळाडूनं मुद्दाम पायानं चेंडू अडवला तरी तसंच : लाथ हा नियमाला धरून झालेला स्पर्श नव्हे, चेंडू पुन्हा त्याच टीमला आणि बाणही त्यांच्याचकडं. उलट थ्रो-इन करणारीनं पाच सेकंद घालवली किंवा चेंडू सोडायच्या आधी मैदानात पाय टाकला तर तिच्या टीमनं पाळी गमावली, बाण तिथल्या तिथं फिरवायचा. थोडक्यात, फाउलनं पाळी जात नाही, थ्रो-इन करणाऱ्या टीमच्या व्हायोलेशननं (फाउल नसलेल्या नियमभंगानं) जाते. एवढं वाक्य टेबलवर चिकटवून ठेवलं तरी पुष्कळ भांडणं मिटतील.

सुरुवातीची उडीही नीट बघावी लागते. चेंडू टॅप झाला, अजून कुणाच्याच ताब्यात नाही, आणि तेवढ्यात दोघींनी धरला, तर बाण लागू होत नाही, कारण पाळी सुरूच झालेली नाही. त्या दोघींत पुन्हा उडी. ताबा मिळाला की मगच बाण दुसऱ्या टीमकडं लावायचा. घाई नको.

हेल्ड बॉलनंतर पाळीनं चेंडू आधीच्याच टीमकडं राहिला तर चोवीस सेकंदांचं घड्याळही (शॉट क्लॉक) नव्यानं सुरू होत नाही, उरलेली सेकंदंच मिळतात. शॉट क्लॉक नसलेल्या आपल्या बहुतेक मैदानांवर हा प्रश्न येत नाही, पण जिथं आहे तिथं घड्याळ चालवणाऱ्याचं लक्ष बाणावर असायला हवं.

आणि हाफ टाइम. पहिला हाफ संपला की स्कोअररनं लगेच बाण उलटा करायचा. हक्क त्याच टीमचा राहतो, फक्त तिची बास्केट बदलते. मग तिसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या थ्रो-इननंतर तो पुन्हा फिरतो. थोड्या अंतरानं बाण दोनदा फिरतो आणि दोन्ही वेळा कारण वेगळं असतं, म्हणून इथंच गोंधळ होतो. एकदा राहिला की पुढं कुणीतरी "दुरुस्त" करतो आणि आणखी बिघडवतो, जसं त्या सामन्यात झालं. माझं म्हणणं, हाफ टाइमची शिट्टी झाल्यावर चहाचा कप हातात घ्यायच्या आधी स्कोअररनं बाण उलटा करावा आणि दोन्ही प्रशिक्षकांना आवाज देऊन दाखवावा. दहा सेकंदांचं काम आहे.

पंचांसाठी एक वेगळी विनंती. बाण टेबलचा असला तरी पाळी तुमच्याही लक्षात असू द्या. अमेरिकेत शाळा-कॉलेजचे सामने घेणारे पंच यासाठी मनगटातलं रबर इकडून तिकडं करतात, कुणी खिशातली वस्तू बदलतात. आपण साधं एक रुपयाचं नाणं वापरू शकतो. फक्त ते दिशेवर नको, टीमवर ठेवा : उजवा खिसा म्हणजे फिक्या जर्सीची टीम, डावा म्हणजे गडद. फायदा असा की हाफ टाइमला टेबलवरचा बाण उलटतो, पण नाणं खिसा बदलत नाही. तिसरा क्वार्टर सुरू करताना दोन्ही जुळले तर चेंडू द्या. नाही जुळले तर थ्रो-इनच्या आधीच कळेल, आणि आधी कळलेली चूक पूर्ण दुरुस्त करता येते. दिशेवर ठेवलेलं नाणं मात्र बाणासारखंच चुकेल, मग त्याचा उपयोग काय?

टेबलवर एक कोरा कागदही ठेवू या. छापील स्कोअरशीटवर पाळीसाठी रकाना नसतो. प्रत्येक वेळी एक ओळ : कितवा क्वार्टर, घड्याळात किती वेळ, कुणाला चेंडू, कशामुळं. "दुसरा क्वार्टर, ६:१४, निळी, हेल्ड बॉल." सामन्यात अशा थोड्याच ओळी होतात. वाद झाला तर कॅप्टनला आणि प्रशिक्षकांना तो कागद दाखवता येतो. त्या दिवशी असा कागद असता तर कॅप्टनच्या तोंडी हिशेबाला टेबलवरून उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर "तुझं बरोबर आहे" असं असतं.

खर्चाचं म्हणाल तर काही नाही. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपला पत्र्याचा बाण कापून, खाली जड बैठक लावून मागा, एका खिळ्यावर फिरणारा. लाल रंग मारा. दोन्ही बाजूंनी दिसेल एवढा उंच हवा, वाऱ्यानं हलणार नाही एवढा जड हवा, आणि फिरवताना हात लावावाच लागेल असा घट्ट. ढिला ठेवला तर टेबलला धक्का लागला की तो आपोआप वळतो, हे मी पाहिलं आहे. शाळांनी एकेक करून घेतला तरी चालेल, पण संयोजकांनी सामानाच्या पेटीत शिट्टी, घड्याळ आणि फाउलच्या पाट्यांबरोबर तो ठेवला तर कुणाला विचारत बसायला नको.

टेबलवर बसणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. आपण बहुतेक वेळा हरलेल्या शाळेच्या मोठ्या मुलांना बसवतो. ती मनापासून काम करतात, पण त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. स्कोअर लिहायचा, फाउल लिहायचे, टाइम-आउट बघायचे आणि बाणही फिरवायचा, हे एकट्याच्या आवाक्यात नाही. नियमानं बाण स्कोअररचा, हे मला मान्य आहे. पण जिथं नवी मुलं आहेत तिथं शेजारच्या सहायकानं फक्त बाणाकडं बघायचं आणि स्कोअररला तोंडानं सांगायचं, "निळ्यांचा, अजून फिरवू नको... हं, लागला, फिरव." हे मोठ्यानं बोलणं महत्त्वाचं आहे. मनातल्या मनात ठेवलेली पाळी टाइम-आउटच्या गडबडीत विसरली जाते.

पालकांना आणि प्रेक्षकांनाही एक सांगावंसं वाटतं. "ॲरो कुणाचा?" असं विचारणं हा तुमचा हक्क आहे, पण तो प्रश्न प्रशिक्षकांमार्फत आणि चेंडू डेड असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, विचारू द्या. थ्रो-इन चालू असताना कट्ट्यावरून आरडाओरडा झाला की टेबलवरचा पोरगा घाबरून बाण नको तेव्हा फिरवतो.

यंदाच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतील. त्याआधी एखाद्या रविवारी सकाळी, विभागीय क्रीडा संकुलात किंवा तुम्ही सांगाल त्या शाळेच्या मैदानावर, टेबलवर बसणाऱ्या मुलांसाठी दोन तासांचं वर्ग-सत्र ठेवावं अशी माझी विनंती आहे. नियमाचं पुस्तक, दोन टीम आणि एक बाण एवढं पुरे. मुलींना मी घेऊन येते, आम्ही खोटे हेल्ड बॉल, थ्रो-इनवरचे फाउल आणि हाफ टाइम मुद्दाम पुन्हा पुन्हा घडवून आणू. बाण मी उद्यमनगरातून करून आणते. तारीख तेवढी कळवा.

आपली नम्र,
शाळेच्या मुलींची एक बास्केटबॉल प्रशिक्षक,
कोल्हापूर